सोमेलिएरला स्वतःची वाइन बनवायची असेल तर कुठल्या क्रमाने जायचं

सोमेलिएर म्हणजे रेस्टॉरंटमध्ये वाइन निवडून पाहुण्यांना सुचवणारा माणूस. दर थोड्या दिवसांनी कुणीतरी सोमेलिएर मला मेसेज करतं की वाइन बनवायचीय, आणि पाठोपाठ लेबलचं डिझाइन पाठवतं. नाव ठरलेलं असतं, लोगो झालेला असतो, बाटलीचा शेपसुद्धा निवडलेला असतो, फक्त आयुष्यात एकदाही टँक धुतलेला नसतो. मी स्वतः नऊ वर्षं रेस्टॉरंटच्या फ्लोअरवर होते आणि मग सेलरमध्ये, म्हणजे वाइन बनते त्या जागी, गेले, त्यामुळे ही घाई मला कळते, पण पैसे बुडतात ते इथेच, क्रम उलटा केल्यामुळे. आधी दुसऱ्याच्या सेलरमध्ये हात घाणेरडे करायचे, मग एक बॅरल बनवायचं, मग हिशोब, मग नाव आणि परवाना, आणि शेवटी विक्री. खाली तेच टप्प्याटप्प्याने लिहितेय.

## टप्पा १: नक्की कुठलं काम करायचंय ते आधी ठरवा

"वाइनमध्ये जायचंय" असं म्हणताना लोक तीन वेगळी कामं एकत्र करतात.

पहिलं, स्वतः वाइन बनवणं. याला वर्षं लागतात, शरीर लागतं, आणि रसायनशास्त्राला घाबरून चालत नाही. दुसरं, तयार किंवा अर्धवट तयार वाइन विकत घेऊन ती निवडून, ब्लेंड करून स्वतःच्या नावाने विकणं, ज्याला नेगोसियाँ पद्धत म्हणतात. इथे सोमेलिएरची जीभ सगळ्यात लवकर कामाला येते. तिसरं म्हणजे वाइनच्या आजूबाजूची पेयं, व्हर्मूथ (वनस्पतींचे अर्क घातलेली वाइन), सायडर (सफरचंदाची दारू), बिनअल्कोहोलची पेयं वगैरे.

तिन्ही रस्त्यांनी लोक गेलेत. ग्रेग हॅरिंग्टन मास्टर सोमेलिएर, म्हणजे सोमेलिएरची सगळ्यात वरची परीक्षा पास झालेले, त्यांनी २००५ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या वॉला वॉला भागात ग्रॅमर्सी सेलर्स सुरू केलं. सोमेलिएर रजत पार यांनी कॅलिफोर्नियात साशी मूरमन या वाइनमेकरबरोबर भागीदारी केली, आणि मला वाटतं बहुतेक सोमेलिएरसाठी हाच रस्ता जास्त शहाणपणाचा आहे, कारण तुमच्याकडे जे नाही ते समोरच्याकडे असतं.

तपासा: पुढची दोन वर्षं पगार कमी झाला तर घर चालेल का? उत्तर नाही असेल तर आधी नेगोसियाँचा रस्ता बघा, नोकरी सांभाळून.

## टप्पा २: अभ्यासातली भोकं बुजवा

सोमेलिएरच्या परीक्षा, मग ती कोर्ट ऑफ मास्टर सोमेलिएर्सची असो की डब्ल्यूएसईटी या वाइन शिकवणाऱ्या संस्थेची, वाइन ओळखायला आणि समजावून सांगायला शिकवतात. डब्ल्यूएसईटी डिप्लोमात वाइन कशी बनते हेही बरंच येतं, पण ते कागदावर. पंप बंद पडला आणि ४ टन द्राक्षं उन्हात उभी आहेत तेव्हा काय करायचं हे त्यात नसतं. म्हणून "आधी लेव्हल ४ (म्हणजे हाच डिप्लोमा) करते, मग सेलरमध्ये जाते" असं म्हणून तीन वर्षं थांबू नका. पहिल्या हार्वेस्टसाठी, म्हणजे द्राक्षतोडणीच्या सीझनसाठी, डिग्री कुणी विचारत नाही.

जाण्याआधी एवढे पाच आकडे मात्र पाठ नाही, समजून घ्या:

1. ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर. २४ ब्रिक्सच्या रसातून साधारण १४ टक्के अल्कोहोल येतं.
2. पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त. ३.२ आणि ३.८ मधला फरक कागदावर छोटा दिसतो, पण वाइन टिकणार की बिघडणार ते बरंचसं त्यावर ठरतं.
3. टायट्रेटेबल अ‍ॅसिडिटी, म्हणजे जिभेला लागणारा आंबटपणा. पीएच आणि ही एकच गोष्ट नाही, इथे भले भले गोंधळतात.
4. यीस्टला खायला मिळणारा नायट्रोजन, ज्याला सगळे यान म्हणतात. लिटरला १५० मिलिग्रॅमच्या खाली गेला की पुढे वासाचा त्रास होण्याची शक्यता वाढते.
5. फ्री सल्फर डायऑक्साइड, म्हणजे वाइन बिघडू न देणारा, अजून कशाशी जोडला न गेलेला सल्फर डायऑक्साइड. पुढे त्यालाच नुसतं सल्फर म्हणतेय.

पाचव्याचं गणित हाताने करता यायलाच हवं. समजा २२५ लिटरच्या बॅरलमध्ये लिटरला ३० मिलिग्रॅम सल्फर वाढवायचंय. २२५ गुणिले ३० म्हणजे ६,७५० मिलिग्रॅम, म्हणजे ६.७५ ग्रॅम. पण आपण टाकतो पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, त्यात सल्फर डायऑक्साइड साधारण ५७.६ टक्के असतं, म्हणून ६.७५ भागिले ०.५७६, म्हणजे अंदाजे ११.७ ग्रॅम पावडर. दशांश चिन्ह एक घर सरकलं की ११७ ग्रॅम पडते आणि मग ती वाइन कुणीच पिऊ शकत नाही.

सावधान: मेटाबायसल्फाइटचं जुनं उघडं पाकीट वापरू नका, हवेने त्याची ताकद कमी होते आणि तुमचं बरोबर गणितसुद्धा चुकीचं ठरतं.

## टप्पा ३: एक पूर्ण हार्वेस्ट, मजुराच्या जागेवर

उत्तर गोलार्धात द्राक्षांची तोडणी साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर, दक्षिण गोलार्धात फेब्रुवारी ते एप्रिल. म्हणजे एका वर्षात दोन हार्वेस्ट करता येतात आणि बरेच तरुण सेलर कामगार तसेच फिरतात. अर्ज चार ते सहा महिने आधी करा, कारण व्हिसा, राहायची सोय सगळं त्यात येतं, आणि चांगल्या जागा लवकर भरतात.

अर्जात चूक काय होते, तर लोक आपल्या टेस्टिंगच्या गोष्टी लिहितात. सेलरवाल्याला ते नकोय. त्याला हवंय की तुम्ही बारा तास उभे राहू शकता का, रात्रपाळी चालेल का, फोर्कलिफ्टचं लायसन्स आहे का, आणि सीझन मध्येच सोडून पळणार नाही ना. फ्लोअरवरचं काम सांगायचंच असेल तर हे सांगा की शनिवारी रात्री दोनशे माणसांची सर्व्हिस डोकं शांत ठेवून केलीय, ते त्यांना लगेच कळतं.

आणि काम म्हणजे धुणं. मनापासून सांगते, वाइन बनवण्यातला सगळ्यात मोठा भाग धुणं आहे, टँक, होज, पंप, प्रेस, फरशी. पहिल्या आठवड्यात मी एक होज धुवून जागेवर लावला आणि झालं म्हणाले. तिथल्या सुपरवायझरने काही न बोलता क्लॅम्प उघडला, आतलं रबराचं गॅस्केट नखाने बाहेर काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. वरून स्वच्छ होतं, मागच्या बाजूला जांभळा बुळबुळीत थर, वासाला व्हिनेगर. त्या दिवसापासून मी गॅस्केट काढल्याशिवाय काहीही धुतलं म्हणत नाही, आणि नवीन माणसाला पहिल्यांदा तेच शिकवते.

जिवाची सावधगिरी, ही दोनदा वाचा: फर्मेंटेशनमध्ये, म्हणजे यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं तेव्हा, एक लिटर रसातून ४० लिटरपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. तो हवेपेक्षा जड असतो, टँकच्या तळाशी आणि सेलरच्या खोलगट भागात साचतो, डोळ्याला दिसत नाही. दरवर्षी कुठेना कुठे माणसं यानेच जातात. आणि बऱ्याचदा दुसरा मृत्यू पहिल्याला वाचवायला आत उडी घेणाऱ्याचा असतो. गॅस मीटर, हवा खेळती ठेवणारा पंखा आणि बाहेर उभा दुसरा माणूस, या तीन गोष्टी नसतील तर टँकमध्ये उतरायचं नाही, बॉस कितीही घाई करो. मेणबत्ती पेटवून बघायच्या जुन्या युक्तीवर विसंबू नका.

तपासा: सीझन संपताना हे न विचारता करता येतंय का? होज जोडून एका टँकमधून दुसऱ्यात वाइन न सांडता नेणं, ब्रिक्स आणि तापमान मोजून नोंद ठेवणं, यीस्ट तयार करणं, प्रेस लावणं. दोनपेक्षा जास्त गोष्टींना उत्तर नाही असेल तर अजून एक हार्वेस्ट करा. लोक इथे नाराज होतात, पण दुसऱ्या हार्वेस्टला जे कळतं ते पहिल्याला कळत नाही, कारण पहिल्याला फक्त झोप दिसत असते.

## टप्पा ४: जीभ पुन्हा शिकवा

सोमेलिएरचा सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे "मला टेस्टिंग येतं". येतं, पण तयार वाइनचं. फर्मेंट होणारा रस गोड असतो, गढूळ असतो, गॅसने जिभेला टोचतो, यीस्टचा वास सगळ्यावर बसलेला असतो, आणि तुमच्या डोक्यातल्या एकाही खणात तो बसत नाही. वर निघणाऱ्या गॅसबरोबर फळाचा वास भसाभसा बाहेर येतो म्हणून सेलर सुगंधाने भरून जातं आणि आपण खूश होतो, पण तो वास वाइनमधून निघून जातोय हे लक्षात येत नाही.

उपाय साधा आहे. एक टँक निवडा आणि रोज, एकाच वेळेला, त्याच टँकचा घोटभर चाखून चार ओळी लिहा, शेजारी ब्रिक्स आणि तापमान. मी हे टँक नंबर ७ बरोबर केलं. पाचव्या दिवशी सडक्या अंड्याचा हलकासा वास आला, मी लिहून ठेवलं आणि गप्प बसले, मला वाटलं मोठ्या माणसांना कळत असेलच. सातव्या दिवशी तो वास पूर्ण हॉलमध्ये होता. तो हायड्रोजन सल्फाइड, यीस्टला नायट्रोजन कमी पडल्याचं एक नेहमीचं लक्षण, आणि पाचव्या दिवशी थोडं पोषण आणि थोडी हवा दिली असती तर बहुतेक तिथेच मिटलं असतं. तुमचं नाक इथे खरंच इतरांपेक्षा तीक्ष्ण आहे, त्यामुळे वास आला की लगेच बोला.

दुसरी गोष्ट, फर्मेंटेशन संपल्यावर दोनतीन महिन्यांनी वाइन मुकी होते. वास नाही, चव बंद. नवीन माणूस घाबरतो आणि काहीतरी टाकायला जातो, ओक, अ‍ॅसिड, टॅनिन. काही टाकू नका. लॅबचे आकडे ठीक असतील तर तिला एकटं सोडा.

## टप्पा ५: एक बॅरल, जास्त नाही

आता स्वतःची वाइन. लाल घ्या, कारण पहिल्या वेळी ती जास्त सांभाळून घेते, पांढऱ्यात हवेची एक चूकसुद्धा लपत नाही. जागा स्वतःची नको, जिथे काम केलं तिथेच विचारा किंवा कस्टम क्रश सेलर शोधा, जिथे यंत्रं त्यांची आणि द्राक्षं तुमची असतात.

1. द्राक्षं: साधारण ४०० किलो घ्या. त्यातून २५० लिटरच्या आसपास वाइन येते. बॅरल २२५ लिटरचं, उरलेली काचेच्या बरणीत ठेवायची, कारण बॅरलमधून वाइन उडत राहते आणि दर दोनतीन आठवड्यांनी वरून भरावी लागते. ही जादा वाइन न ठेवणं ही पहिल्या बॅरलची सगळ्यात कॉमन चूक आहे. मग लोक दुसऱ्याच कुठल्यातरी वाइनने भरतात, नाहीतर रिकामी जागा तशीच सोडतात आणि वर पांढरी साय धरते.
2. तोडणी आधी: नुसती साखर बघून तोडू नका. बी चावून बघा, हिरवी आणि कडवट आहे की तपकिरी आणि कुरकुरीत. साल चावा. इथे तुमची जीभ कामाची.
3. क्रशिंगनंतर लगेच ब्रिक्स, पीएच, अ‍ॅसिडिटी, यान मोजा. यीस्ट टाकल्यावर मोजून उपयोग नाही.
4. यीस्ट: लिटरला पाव ग्रॅमच्या आसपास, पाकिटावर लिहिलेल्या कोमट पाण्यात, बहुतेक ३५ ते ४० अंश, भिजवून. भिजवलेलं यीस्ट आणि रस यांच्या तापमानात १० अंशांपेक्षा जास्त फरक नको. गार रसात एकदम ओतलं की अर्धं यीस्ट तिथेच मरतं आणि मग तीन दिवस आपण फर्मेंटेशन का सुरू होत नाही म्हणून बघत बसतो.
5. फर्मेंटेशन: तापमान २५ ते ३० अंश. साली वर तरंगून जाड टोपी होते, ती दिवसातून दोनतीनदा खाली दाबायची. एक तृतीयांश साखर संपेपर्यंत पोषण देऊन टाका. अल्कोहोल १० टक्क्यांच्या आसपास गेल्यावर यीस्ट ते घेतच नाही आणि उरलेलं पोषण नको त्या जिवाणूंच्या तोंडी जातं.
6. संपलं का: हायड्रोमीटर (घनतेवरून साखर दाखवणारी काचेची नळी) शून्याच्या खाली गेला म्हणजे संपलं असं नाही, अल्कोहोलमुळे तो खाली दाखवतोच. लॅबमध्ये उरलेली साखर मोजा, लिटरला २ ग्रॅमच्या खाली हवी.
7. प्रेसमध्ये साली पिळून घ्या, मग मॅलोलॅक्टिक, म्हणजे जिवाणू मॅलिक अ‍ॅसिडचं सौम्य लॅक्टिक अ‍ॅसिड करतात ते: बॅरल २० अंशांच्या आसपास ठेवा आणि हे संपेपर्यंत सल्फर टाकू नका. संपल्याचा लॅबचा कागद हातात आला की त्याच दिवशी टाका.
8. सल्फर किती: पीएच बघून. रेणू स्वरूपातलं सल्फर, म्हणजे फ्री सल्फरमधला खरं काम करणारा छोटा भाग, लिटरला ०.८ मिलिग्रॅम ठेवायचं तर पीएच ३.२ ला फ्री सल्फर लिटरला साधारण २१ मिलिग्रॅम पुरतं, ३.५ ला ४० लागतं, ३.८ ला जवळजवळ ८०. टप्पा दोनमध्ये पीएचबद्दल का बोलले ते इथे दिसेल.

तपासा: बॅरल भरल्यापासून बाटलीपर्यंत प्रत्येक टॉप-अप, प्रत्येक ग्रॅम, प्रत्येक तारीख वहीत आहे का? नसेल तर चांगली वाइन झाली तरी ती परत बनवता येणार नाही.

## तयार वाइन विकत घेणार असाल तर

सॅम्पल आवडलं की हो म्हणू नका. ज्या टँकमधून माल येणार त्याच टँकचं, सीलबंद, तारीख घातलेलं सॅम्पल मागा, एक बाटली स्वतःकडे न उघडता ठेवा, आणि माल आल्यावर शेजारी शेजारी चाखा. अल्कोहोल, पीएच, व्होलाटाइल अ‍ॅसिडिटी (व्हिनेगरसारखा आंबटपणा), उरलेली साखर, मॅलिक अ‍ॅसिड, फ्री आणि टोटल सल्फर, सगळ्याचा रिपोर्ट हवा. ब्लेंड करताना १०० मिलिलिटरच्या मापात छोट्या चाचण्या करा आणि निर्णय दुसऱ्या दिवशी, लेबल झाकून घ्या. ब्लेंड झाल्यावर स्थिरता, म्हणजे खडे पडत नाहीत ना, ढगाळ होत नाही ना, परत तपासा, दोन स्थिर वाइन मिसळल्या की मिश्रण स्थिर असेलच असं नाही.

## टप्पा ६: हिशोब, उलट्या बाजूने

बहुतेक जण खर्च मांडतात, त्यात नफा मिळवतात आणि किंमत ठरवतात. उलटं करा. शेल्फवर बाटली किती रुपयांना, डॉलरला, युरोला बसेल ते आधी ठरवा, हे तुम्हाला फ्लोअरमुळे चांगलं माहीत असतं. समजा ती १०० आहे. दुकानदार ३० ठेवतो, राहिले ७०. वितरक त्यातले २० घेतो, राहिले ५०. त्यातून कर, वाहतूक, बाटली, बूच, लेबल, खोका, आणि सॅम्पल म्हणून फुकट गेलेल्या बाटल्या. उरलेल्यात द्राक्षं आणि सेलरचं भाडं बसतंय का? हे आकडे उदाहरणाला घेतलेत, तुमच्या बाजारातले खरे विचारून घाला, पण दिशा हीच ठेवा.

एका बॅरलमधून ३०० बाटल्या निघतात, बारा बाटल्यांची २५ खोकी. एवढ्यावर धंदा होत नाही, शिक्षण होतं, आणि ते पैसे शिक्षणाच्या खात्यातच लिहा.

सावधान: लाल वाइनचे पैसे परत यायला दीड-दोन वर्षं लागतात. म्हणजे पहिल्या वर्षाची वाइन विकायच्या आधी दुसऱ्या आणि कधी कधी तिसऱ्या वर्षाची द्राक्षं घ्यायची वेळ येते. चांगली वाइन बनवणारी माणसं या फटीत अडकलेली मी पाहिलीत. जमत असेल तर लवकर विकली जाणारी पांढरी किंवा रोझे सोबत ठेवा, ती काही महिन्यांत पैसे फिरवते.

## टप्पा ७: नाव, परवाना, लेबल, याच क्रमाने

नाव आधी ट्रेडमार्कमध्ये शोधा. वाइन आणि स्पिरिट वर्ग ३३ मध्ये येतात, बिअर आणि बिनअल्कोहोलची पेयं वर्ग ३२ मध्ये, दोन्हीत शोधा. मग परवान्याची चौकशी, आणि त्यात नुसतं "मला विकता येईल का" नाही तर बनवायचा, साठवायचा, घाऊक विकायचा आणि ग्राहकाला थेट पाठवायचा परवाना वेगवेगळा आहे का ते विचारा. आपण रेस्टॉरंटचा परवाना बघितलेला असतो म्हणून वाटतं तेवढंच असतं.

लेबल सगळ्यात शेवटी, बाटलीत जाणाऱ्या वाइनचा अल्कोहोल लॅबमधून आल्यावर. अमेरिकेत १४ टक्क्यांपर्यंतच्या वाइनला लेबलवरचा अल्कोहोलचा आकडा दीड टक्का वरखाली चालतो, युरोपियन युनियनमध्ये साधारण अर्धा टक्काच, आणि तिथे ८ डिसेंबर २०२३ नंतर बनवलेल्या वाइनवर घटक आणि पोषणाची माहितीही द्यावी लागते. आधी छापलेली लेबलं इथे रद्दीत जातात.

## टप्पा ८: बाटलीबंद आणि विक्री

बाटलीत भरण्याआधी थंडीची आणि गरमीची चाचणी करा. उणे ४ अंशांवर तीन दिवस ठेवून खडे पडतात का बघा, आणि पांढरी किंवा रोझे असेल तर ८० अंशांवर दोन तास ठेवून गार झाल्यावर ढगाळ होते का तेही. साखर किंवा मॅलिक उरलं असेल तर ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरशिवाय भरू नका, नाहीतर बाटलीत परत फर्मेंटेशन सुरू होतं. भरल्यावर निदान महिनाभर सॅम्पल कुणाला देऊ नका, बाटलीचा धक्का बसलेला असतो, वास आणि चव काही दिवस दबलेली असते.

विक्रीला तुमच्या ओळखीचे सोमेलिएर पहिल्यांदा घेतील, प्रेमाने. त्याला मागणी समजू नका. दुसरी ऑर्डर न मागता आली का, तेवढंच मोजा. आणि अजून कुठे वाइन खरेदीच्या जागेवर नोकरी करत असाल तर स्वतःची बाटली मेन्यूवर घेण्याआधी मालकाला लेखी सांगा.

व्हर्मूथ किंवा दुसऱ्या पेयाकडे जायचं असेल तर टप्पा ३ छोटा होतो, बाकी सगळं तसंच. व्हर्मूथला युरोपियन युनियनमध्ये किमान ७५ टक्के वाइन लागते, अल्कोहोल १४.५ ते २२ टक्क्यांमध्ये ठेवावं लागतं, आणि दोन वर्षं बॅरलची वाट बघावी लागत नाही. वनस्पतींचे अर्क वेगवेगळे काढून मग मिसळा, सगळ्या एकदम भिजवल्या तर कुठली कडवट झाली ते शोधता येत नाही.

फ्लोअरची नोकरी कधी सोडायची हे सगळे विचारतात. माझं उत्तर असं, दुसऱ्या वर्षाची द्राक्षं पहिल्या वर्षाच्या विक्रीतून घेता आली तर सोडा. तोपर्यंत आठवड्यातून चार रात्री तरी करत राहा.